सामुदायिक आरोग्य नियोजन आणि आपल्या वस्तीच्या गरजा

आपल्या समाजाच्या कोणत्याही सभेत आरोग्याचा विषय निघाला की ठराव ठरलेला असतो. दवाखाना हवा, डॉक्टर हवा, रुग्णवाहिका हवी. सूचक-अनुमोदकांची नावे लिहिली जातात, टाळ्या पडतात, निवेदन तहसील कचेरीत पोहोचते आणि पोच घेऊन मंडळी घरी येतात. त्या निवेदनात एक गोष्ट बहुधा नसते. आपल्या वस्तीत घरे किती, त्यांत आजारी माणसे किती, आजार कोणता आणि ती आज उपचाराला जातात कोठे, याचा आकडा. आकड्यावाचून निवेदनाचे काय होते हे आम्हांस बँकेत रोज दिसते. कर्जाच्या अर्जात 'पैशाची अत्यंत निकड आहे' एवढेच लिहिले असेल, तर निकड कितीही खरी असली तरी अर्ज टेबलावरून हलत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील कारकून. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आरोग्याचे नियोजन ही निम्मी वैद्यकाची आणि निम्मी हिशेबाची बाब आहे. त्यातील हिशेबाची बाजू आपल्या मंडळाच्या सदस्यांना व विशेषतः विद्यार्थ्यांना समजावी, एवढ्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम 'गरज' या शब्दाकडे पाहू. जोनाथन ब्रॅडशॉ या इंग्रज अभ्यासकाने १९७२ साली सामाजिक गरजांचे चार प्रकार सांगितले. जी माणसाला स्वतःला जाणवते ती एक. जी जाणवून तो बोलून दाखवतो, रांगेत उभा राहून मागतो, ती दुसरी. तज्ज्ञ मंडळी शास्त्राच्या आधारे ठरवतात ती तिसरी. आणि शेजारच्या वस्तीला जे मिळाले ते आपल्याला नाही, या तुलनेतून दिसते ती चौथी. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असेल. पाठ करण्यापेक्षा एवढे ध्यानात ठेवावे की या चार गरजा क्वचितच एका ठिकाणी भेटतात. सभेतला ठराव बहुधा दुसऱ्या व चौथ्या प्रकारचा असतो, सरकारी योजना तिसऱ्या प्रकारची असते, आणि पहिल्या प्रकारची गरज घरातल्या बाईच्या पोटात राहते.

आपल्या देशातील आरोग्य नियोजनाचा पाया भोर समितीने घातला. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि प्रारंभी दर ४० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे सुचवले. पुढे हे प्रमाण सपाट प्रदेशात ३० हजारांना एक केंद्र व ५ हजारांना एक उपकेंद्र असे झाले. डोकी मोजून इमारती वाटण्याची ही पद्धत वाईट नव्हती. इमारतच नसेल तर डॉक्टर बसणार कोठे? पण ३० हजार माणसे विणकरांची, खाणकामगारांची की शेतमजुरांची, हे त्या गणितात येत नव्हते. त्यात भर म्हणून उद्दिष्टांची पद्धत आली. वर्षभरात इतक्या नसबंद्या, इतके तांबी बसवण्याचे काम, असे आकडे वरून उतरत आणि खालच्या परिचारिकेने ते मार्चअखेर भरून द्यायचे. १९७६ साली या उद्दिष्टांपायी गोरगरिबांचे काय हाल झाले ते जुन्या मंडळींना सांगावयास नको.

आमच्या खात्यातही हेच घडले होते, म्हणून येथे थोडे विषयांतर. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात शाखांना कर्जवाटपाचे उद्दिष्ट असे. मग ज्याच्याकडे चारा नाही त्यालाही म्हैस, असा प्रकार झाल्याच्या कथा आमचे ज्येष्ठ सहकारी रंगवून सांगत. १९८९ साली सेवा क्षेत्र पद्धती आली. प्रत्येक ग्रामीण व निमशहरी शाखेला १५ ते २५ गावे नेमून दिली गेली आणि आधी गावाची पाहणी, मग पतपुरवठ्याची योजना, असा क्रम ठरला. ती पद्धत सर्वत्र नीट राबवली गेली असे म्हणवत नाही. तथापि क्रम बरोबर होता.

आरोग्य खात्यात तोच क्रम सात वर्षांनी आला. १ एप्रिल १९९६ पासून कुटुंबकल्याणाची वरून येणारी उद्दिष्टे रद्द झाली आणि १९९७ मध्ये या बदलाला 'समाजाच्या गरजांचे मूल्यमापन' असे नाव मिळाले. उपकेंद्राच्या परिचारिकेने घरोघर जाऊन, अंगणवाडी सेविका, दाई, पंचायत यांना विचारून आपल्या क्षेत्राची वार्षिक योजना तयार करावी, अशी ही कल्पना. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला जोड दिली. गावपातळीवर आरोग्य समिती झाली, तिच्या हाती वर्षाला १० हजार रुपयांचा खुला निधी आला, आशा कार्यकर्ती आली. शहरांसाठी २०१३ मध्ये नागरी आरोग्य अभियान निघाले. त्यात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५ हजार रुपये अशी तरतूद झाली. आपल्या किती भगिनींना या समितीची माहिती आहे, हे मंडळाच्या महिला शाखेने एकदा विचारून पाहावे.

विचारल्याने काय साधते याचे सर्वांत चांगले उदाहरण क्षयरोगाचे आहे आणि क्षयरोगाचे नाव घेतले की कामठीच्या माणसाला बाबू हरदास यांची आठवण होणारच. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द समाजाला देणारे, बिडी मजुरांची संघटना बांधणारे, १९३७ साली मध्यप्रांत विधिमंडळात निवडून गेलेले हरदास लक्ष्मणराव नगराळे १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले. वय अवघे ३५. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले गुणकारी औषध १९४३ साली हाती लागले, म्हणजे चार वर्षे उशिरा. दरवर्षी त्या दिवशी कन्हान नदीच्या काठी आपण जमतो, पण ते कोणत्या रोगाने गेले याची चर्चा फारशी होत नाही.

औषध आल्यावरही प्रश्न राहिला. खेड्यातील अडाणी माणूस खोकल्याकडे लक्ष देत नाही, दवाखान्यात येत नाही, त्याला घरोघर शोधावे लागेल, असा तज्ज्ञांचा समज होता. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डॉ. देवव्रत बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात रुग्णांनाच जाऊन विचारले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले की बहुतेक रुग्णांना आपली लक्षणे चांगलीच जाणवत होती आणि निम्म्याच्या वर रुग्ण स्वतःहून दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते. थुंकी तपासलीच नव्हती. रुग्ण दारापर्यंत आला होता, दार आतून बंद होते. मग साध्या दवाखान्यातच थुंकी तपासण्याची सोय करण्यावर राष्ट्रीय कार्यक्रमाने भर दिला. अडाणी कोण, हा प्रश्न वाचकांवर सोपवतो.

आता आपल्या जवळच्या गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था तेथे सुरू केली. आरंभीच्या काळात त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला, या भागात तो आहे हे सिद्ध केले. पण लोकांना ती आपली गरज वाटली नाही. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे आणि पुढे काय करावे हे लोकांना विचारूनच ठरवण्याची पद्धत पाडली आहे. रुग्णालय कसे असावे तेही विचारले. मोठी इमारत नको, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशा झोपड्या हव्यात, असे आदिवासींनी सांगितले आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. स्त्रियांच्या आजारांकडे लक्ष गेले तेव्हा दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. शंभरातील ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या. तोवर सरकारदरबारी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढेच होते. मोजले नाही म्हणून दुखणे नव्हते असे नाही.

जामखेडचा अनुभव थोडक्यात सांगतो. डॉ. रजनीकांत व मेबेल आरोळे १९७० साली तेथे गेले ते वैद्यकीय सेवा देण्यासाठी. लोकांनी मागितले पाणी आणि अन्न. १९७२ च्या दुष्काळात हातपंप बसले, त्यांतील अनेक दलित वस्तीत, आणि गावाला पाणी भरायला तेथे यावे लागले. आरोग्याच्या गरजेची विचारपूस केली की ती कोठवर जाऊन पोहोचते, ते यावरून दिसते.

आता कामठी. १८२१ साली वसलेली ही छावणी. आजही नगर परिषदेची हद्द वेगळी, छावणी परिषदेची वेगळी, आणि भोवती येरखेडा, रनाळा यांसारखी गावे शहराला येऊन चिकटलेली. रस्त्याच्या अलीकडे एक यंत्रणा, पलीकडे दुसरी. भाड्याच्या खोल्या बदलत राहणारे कुटुंब मग कोणाच्याच नोंदवहीत नीट बसत नाही. त्यातच २०२१ साली व्हायची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे त्यानंतरच्या योजनाही २०११ च्या आकड्यांवर अंदाज बांधून चालल्या. बिडी वळणाऱ्या बायांचे तसेच. १९७६ च्या कायद्याने बिडी कामगार कल्याण निधी झाला, त्यातून दवाखाने निघाले, परंतु लाभ मिळे तो ओळखपत्र असलेल्या कामगाराला. ठेकेदाराकडून पाने-तंबाखू घरी आणून सासू, सून व मुलगी तिघी वळतात आणि पुस्तकावर नाव एकीचेच असते. उरलेल्या दोघींच्या खोकल्याची नोंद कोठे असणार? २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा बिडीवरचा कल्याण उपकरही बंद झाला.

आणि सिकलसेल. या विषयावर आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण आपल्या घराघरांशी त्याचा संबंध आहे. १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. त्यानंतरच्या पाहण्यांतून विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार व आजच्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. कुणबी, तेली आदी समाजही यातून सुटलेले नाहीत. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या द्वारे या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, ही आपल्या भागाला भूषणावह गोष्ट होय.

हा संसर्गजन्य रोग नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन आईकडून एक व बापाकडून एक अशा दोन जनुकांवर ठरते. एकच दोषी असेल तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्ही दोषी असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, सांधे व हाडे असह्य दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात, ताप वारंवार येतो. वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते असे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तेथे हे जनुक टिकले. ते आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे. जातीचा कमीपणा त्यात शोधणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

हिशेब असा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, निर्दोष होण्याची चारात एक. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तिन्ही चांगली' असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. आता समजा एखाद्या समाजात शंभरात २० वाहक आहेत आणि लग्ने तपासणी न करता आपसातच होतात. शंभर जोडप्यांत सुमारे ४ जोडपी वाहक-वाहक निघतील आणि शंभर जन्मांत सुमारे एक मूल रुग्ण असेल. वाहक शंभरात १० असतील तर? ४०० जन्मांत एक. वाहक निम्मे झाले की रुग्ण पावपट होतात. म्हणून आपल्या वस्तीत वाहक १० की २०, हे नेमके कळल्यावाचून रक्तपेढीला किती रक्त लागेल, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या किती लागतील, हे कोणालाच सांगता येणार नाही. (आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार आपण समतेसाठी करतो. रक्ताचा हिशेबही त्याच बाजूचा आहे, हे जाता जाता नमूद करतो.)

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य जाहीर झाले. अभियान स्वागतार्ह आहे. परंतु आजार जातीचा दाखला पाहून येत नाही आणि कामठीची वस्ती आदिवासीबहुल नाही. वरच्या योजनेच्या चौकटीत आपण मावत नसू, तर आपला आकडा घेऊन आपणच दार ठोठावले पाहिजे.

तो आकडा कसा मिळवावा? गडचिरोलीचा धडा येथे उपयोगी पडतो. घरात शिरून 'तुमच्याकडे सिकलसेल आहे का' असे विचारले तर उत्तर 'नाही' असेच येईल. वाहकाला काही जाणवत नाही आणि रुग्णाच्या दुखण्याला घरात 'वात' म्हणतात, कोणी 'बाहेरचे' म्हणतो. तेव्हा लोकांच्याच शब्दांत विचारावे. घरात कोणाचे हातपाय वरचेवर दुखतात काय? कोणा लेकराला रक्त चढवावे लागले काय? दोन आठवड्यांच्या वर खोकला कोणाला आहे? गेल्या वर्षभरात घरात मृत्यू झाला काय, किती वयाचा? आजारपणासाठी कर्ज काढले, दागिना मोडला काय? शेवटचा प्रश्न आमच्या व्यवसायातून सुचला असे कोणी म्हणेल, पण घराची खरी निकड त्यातूनच कळते. पाणी कोठून येते, नाली वाहते की तुंबते, हेही विचारावे. आणि अखेरीस, 'तुमच्या मते या मोहल्ल्याची पहिली गरज कोणती?' हा प्रश्न विचारून उत्तर जसेच्या तसे लिहावे, आपल्या मनाने सुधारू नये.

अशा विचारपुशीतून जी नावे निघतील त्यांना उपजिल्हा रुग्णालयात नेणे ही पुढची पायरी. शासकीय रुग्णालयात सिकलसेलची तपासणी मोफत होते. येथे एक सावधगिरी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत दोष आहे एवढेच कळते, माणूस एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबून 'रुग्ण' ठरवलेले वाहक आणि 'वाहक' समजून घरी बसलेले रुग्ण, दोघांचेही नुकसान होते. रुग्ण ठरलेल्या विद्यार्थ्यांनी हेही जाणून घ्यावे की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे व त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते.

गुप्ततेबाबत मात्र तडजोड नको. बँकेत खातेदाराची शिल्लक आम्ही त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. रक्ताचा निकाल तर त्याहून नाजूक. घराला क्रमांक द्यावा, नावांची वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असावी आणि मंडळापुढे यावे ते फक्त एकूण आकडे.

याच कारणाने वधू-वर परिचय मेळाव्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. परिचय पुस्तिकेत शिक्षण, उंची, नोकरी यांच्या खाली एएस-एसएसचा निकालही छापावा, अशी सूचना काही मंडळी पोटतिडकीने करतात. हेतू चांगला आहे. पण छापलेले पुस्तक शंभर घरांत फिरते आणि वाहक मुलगा खपून जातो, वाहक मुलीला मात्र 'रक्तात दोष आहे' म्हणून वर्षानुवर्षे स्थळ येत नाही. वस्तुतः वाहक व्यक्तीने निर्दोष व्यक्तीशी लग्न केले तर एकही मूल रुग्ण होत नाही. दोन वाहकांनी सर्व समजून लग्न केले तरी गरोदरपणाच्या आरंभी गर्भाची तपासणी करता येते. निकाल त्या दोघांनी आणि त्यांच्या घरांनी एकमेकांना सांगावयाचा आहे, तोही साखरपुड्याच्या आधी, पत्रिका छापल्यावर नव्हे.

म्हणून मंडळाच्या पुढील मेळाव्याच्या नोंदणी अर्जात आम्ही एकच रकाना सुचवतो : 'सिकलसेल तपासणी झाली आहे काय? होय / नाही.' निकाल विचारू नये. 'नाही' लिहिणाऱ्यास त्याच टेबलावर तपासणी केंद्राचा पत्ता व वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि किती चिठ्ठ्या गेल्या याची नोंद ठेवावी.